कपाळ परत येईपर्यंत

माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. पण त्या दिवशी मी चिडलेली नव्हते, हे आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. दीक्षाला, म्हणजे माझ्या मुलीला, बघायला मंडळी आली होती. मी पोह्यांच्या बशा बघत होते, कुणाच्या वाट्याला खोबरं आलंय, कुणाच्या नाही. तेवढ्यात मुलाच्या आत्याने मध्यस्थाला हळूच विचारलं म्हणे, मुलीच्या आईला स्थळ पसंत नाही का? लग्न जमलं, तो भाग वेगळा. पण ही गोष्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि मग मात्र मी खरंच चिडले.

सगळा दोष माझ्या कपाळाचा. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा, इंग्रजी अकराच्या आकड्यासारख्या ठसठशीत. वर कपाळभर आडव्या तीन. मी भाजी निवडत असले तरी शेजारीण विचारते, काय झालं गं रुपाली? काही झालेलं नसतं. मेथी निवडत असते.

दीक्षा आमच्या सांगवीतच एका स्किन क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. साखरपुड्याला महिना राहिला होता आणि तिने धोशाच लावला. मम्मी, दोन मिनिटांचं काम, चार-पाच टोचण्या, रेघा गायब. मी म्हटलं, पंचेचाळिसाव्या वर्षी तोंडाला सुया टोचून घेऊ? लोक काय म्हणतील? आठ दिवस ती बोलत राहिली, आठ दिवस मी तिला झापत राहिले आणि नवव्या दिवशी गेले. खरं सांगायचं तर मलाही एक फोटो हवा होता, ज्यात मी कुणावर तरी खेकसतेय असं दिसणार नाही.

तिथल्या डॉक्टर अरुंधती मॅडम. त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या, मग म्हणाल्या, रागावून दाखवा. ते मला शिकवावं लागलं नाही. टोचून झाल्यावर त्यांनी बजावलं, चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, तीन-चार दिवसांनी फरक दिसायला लागेल. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने विचारलं, मॅडम, हे टिकतं किती दिवस? तीन ते चार महिने, असं ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, बाई गं, मला तर एक दिवस पुरे आहे.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी निघोज्याला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये आहे. तिथे गाड्यांचे पत्रे ठोकले जातात. प्रेसचा दणका बसला की पायाखालची फरशी हलते, आणि तो दर काही सेकंदांनी बसतो. ठोकलेलं बॉनेट पट्ट्यावरून आमच्याकडे येतं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कस्तुरा. दोघींनी एकाच वेळी उचलायचं, दिव्याखाली वळवायचं, कुठे खड्डा, ओरखडा आहे का बघायचं आणि रॅकला लावायचं. एकीने आधी उचललं की पत्रा मुरडतो, भंगारात जातो. पत्र्याची कड तर सुरीच. हातमोजे, बाह्या सगळं असतं, तरी सुरीच ती.

बोलायचं कसं? कानात बोळे असतात. तोंडाला मास्क, करोनात आला तो तेलाच्या वासापायी राहिलाच. दोन्ही हात पत्र्यात अडकलेले. राहतं काय, डोळे आणि कपाळ. आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण नऊ वर्षांत झालं ते झालं. मी भुवया वर केल्या की उचल. भुवयांमध्ये गाठ घातली की थांब, डाग दिसतोय. एकच भुवई उडवली की मागून सुपरवायझर येतोय. कस्तुरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, परभणीकडची, नवरा गेल्यावर इकडे आलेली, निघोज्यातच एका खोलीत एकटी राहते. मोठी असली तरी पहिल्या महिन्यापासून आमचं अगं-तुगं. आमच्या जोडीचं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले पत्रे, सगळ्या शॉपमध्ये सगळ्यात कमी. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

टोचून घेतल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कस्तुरालाही नाही. लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळची पाळी होती. पहिलं बॉनेट आलं. मी भुवया वर केल्या, म्हणजे केल्या असं मला वाटलं, आणि उचललं. कस्तुराने उचललंच नाही. पत्रा मधोमध मुरडला. होतं असं एखादवेळी, म्हणून सोडून दिलं. थोड्या वेळाने कडेला एक खड्डा दिसला. मी भुवया आवळल्या. ती थांबेचना, सरळ रॅककडे निघाली आणि तो खराब पत्रा चांगल्यांत जाऊन बसला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. या वेळी मी मास्कच्या आतून जीव खाऊन ओरडले, थांब! तिने ओढलं. कड माझ्या बाहीच्या वर सरकली आणि कोपराखाली लालभडक रेघ उमटली. फार लागलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चहाच्या सुट्टीत मास्क खाली ओढला आणि टेबलावरच्या सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "बहिरी झालीस का तू? एवढी बोंबलतेय मी!"

कस्तुराने कप खाली ठेवला. आजूबाजूच्या बायकांना तिने आधी उठून जाऊ दिलं. मग म्हणाली, "हौ. सहा वर्षं झाली."

मला आधी वाटलं, चिडून बोलतेय. पण ती चिडलेली नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती, बस्स. म्हणाली, उजवा कान जवळजवळ गेला, डाव्यात नुसतं घूं होतं. आधी ओठांवरून भागायचं. मग करोनात मास्क आले, तेव्हा वाटलं, संपलं आपलं. मी विचारलं, अगं मग एवढी वर्षं माझं कसं कळायचं तुला? मी सुट्टीतसुद्धा अर्धा वेळ मास्क न काढता बोलते तुझ्याशी! सासूचं, नवऱ्याचं म्हणजे गणरावांचं, दीक्षाचं, सगळं सांगते!

तिने हात पुढे केला आणि माझ्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं.

"इथून," म्हणाली. "आता इथं काहीच न्हाई. कालपासून तू गप झालीस. मला वाटलं, माझ्यावर रुसलीस."

काय सांगू! नऊ वर्षं रोज आठ तास एक माणूस माझ्या कपाळावरून मला वाचत होतं आणि मला पत्ता नव्हता. तिला माहीत होतं, दीक्षा बारावीत नापास झाली ते मी सांगायच्या आधी. गणरावांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी जोरजोरात हसत होते, तेही तिला माहीत होतं की ते हसणं नाही. बायका देवळात जाऊन मूर्तीकडे बघतात ना, तशी मी तिच्याकडे बघत राहिले. मग तिला सांगितलं, टोचून घेतलंय म्हणून. साखरपुड्यासाठी. चिडकी दिसते म्हणून.

ती म्हणाली, "चिडकी? कोण म्हणतंय? तू कायतरी नीट बघायलीस की त्या रेघा पडतात. रागात न्हाई पडत."

माझ्या आईनेसुद्धा हे कधी ओळखलं नव्हतं. मी रडले. रडताना कपाळ जागचं हललं नाही, नुसते डोळे गळत होते, फार विचित्र वाटलं.

कस्तुराला भीती एकच होती. हे कळलं तर लाइनवरून काढतील. मग जायचं कुठे? परभणीला भाऊ आहे, वहिनी आहे, ओसरीवर जागाही देतील. पण ती म्हणाली, मला भावाच्या दारात बसायचं न्हाई, माझ्या हातापायांनी मरीपर्यंत जगायचंय. दर वर्षी कंपनीत कान तपासायची गाडी येते, आत काचेची खोली असते, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी विचारलं, मग तू इतकी वर्षं पास कशी झालीस? तर म्हणाली, काचेपलीकडे बसणारी पोरगी आवाज सोडला की पापणी उचलून आपल्याकडं बघती. मी तिच्या पापणीला बटण दाबती. मी हात जोडले तिला. खरंच जोडले, चहाच्या टेबलावर.

त्याच दिवशी सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरले ती तडक क्लिनिकमध्ये. दीक्षा विचारत राहिली, मम्मी काय झालं, मी सरळ आत. अरुंधती मॅडमना म्हटलं, हे काढा. त्यांना कळेना. म्हणाल्या, ताई, अठरा वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईने मला हे कसं जास्त टिकवायचं ते विचारलंय. लवकर घालवायचं कसं, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी मग सगळं सांगितलं, फक्त कस्तुराचं नाव आणि कंपनी सोडून. मॅडम पेन खाली ठेवून ऐकत होत्या.

त्या म्हणाल्या, याला उतारा नाही. औषधाने नसेचं टोक बंद केलंय, त्यामुळे नस स्नायूला निरोप देते पण तो पोचत नाही. चोळून, शेकून, काही करून ते निघत नाही. मी म्हटलं, मग तीन-चार महिन्यांनी ते जातं कसं? औषध झिजतं का? तर म्हणाल्या, नुसतं झिजण्याची वाट नस बघत नाही. तिचा एक रस्ता बंद झाला की ती बाजूने बारीक बारीक फुटवे काढते, छाटलेल्या गुलाबासारखे. ते स्नायूपर्यंत जातात आणि तात्पुरता निरोप पोचवतात. तोवर जुनं टोक दुरुस्त होतं. "कुणी सांगावं लागत नाही तिला," मॅडम म्हणाल्या. "आत्ता तुम्ही माझ्यासमोर बसलाय ना, आत काम सुरू झालेलंही असेल."

मी घरापर्यंत कपाळाला हात लावून चालत गेले. वाटेत एका गृहस्थाने विचारलंसुद्धा, डोकं दुखतंय का. माझ्या कातडीखाली, मला न विचारता, मी भाजी घेत असताना, भांडत असताना, कोणीतरी माझं कपाळ परत बांधत होतं. आणि मी पंचेचाळीस वर्षं त्याला नावं ठेवत होते.

पण शॉपमध्ये नसेची वाट बघायला कुणाला वेळ आहे? आठवड्यात आमचे अकरा पत्रे भंगारात गेले. सुजित सर, म्हणजे आमचे सुपरवायझर, माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मानेवरही कुणीतरी बसलेलं असतं. त्यांनी सांगितलं, सोमवारपासून जोडी बदलतो. कस्तुराताई स्वप्नालीबरोबर, तुम्ही दुसरीकडे. स्वप्नाली पोरगी चांगली, तेवीस वर्षांची, हात चपळ. पण तिच्या कपाळावर अजून काही लिहिलेलंच नाही. कस्तुरा तिच्यासमोर उभी राहिली असती तर पहिल्याच दिवशी कळून चुकलं असतं, नाहीतर कुणाचा तरी हात गेला असता.

शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. कस्तुराचं गुपित मी सांगू शकत नव्हते. मग राहिलं काय, माझं.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे गोल करून उभे राहतात, सर सूचना देतात, त्या वेळी मी हात वर केला. म्हटलं, सर, चूक कस्तुराची नाही. मी कपाळात सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं घेतलीत. माझ्या भुवया हलत नाहीत. आमचं काम भुवयांवर चालतं. समोर तीस माणसं. मग जो हशा उसळला, प्रेसचा दणका त्यापुढे काहीच नाही. कुणीतरी मागून म्हणालं, ताई, एकदा रागावून दाखवा की. सुजित सरांनी कपाळाला हात लावला. मी खाली मान घालून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उलटून बोलले नाही.

"किती दिवस राहतं हे?" सरांनी विचारलं.

"तीन ते चार महिने."

त्यांनी पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत रिजेक्शन खाली नाही आलं तर जोडी तुटणार. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत चार बायका एकेकट्या येऊन मला गुपचूप विचारून गेल्या, दुखतं का गं, आणि कुठल्या क्लिनिकमध्ये. तो एक वेगळाच तमाशा.

ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं होतं, मी कस्तुराला काहीतरी नवीन खूण शिकवीन. मान हलवीन, डोळे मिचकावीन. तिने मला काहीच करू दिलं नाही. म्हणाली, तू तुझं काम कर, मी बघती. आणि ती बघायला लागली. तिसऱ्या दिवशी मला सांगितलं, उचलायच्या आधी तुझा श्वास थांबतो, मास्क आत ओढला जातो. पाचव्या दिवशी म्हणाली, खड्डा दिसला की तुझा डावा अंगठा पत्र्यावर दोनदा फिरतो, तुला ठावं न्हाई, पण फिरतो. मग गळ्याची शीर. मग उजवा खांदा. दहाव्या दिवसापासून आमचा एकही पत्रा भंगारात गेला नाही. एक टोक बंद झालं तर तिने बाजूने फुटवे काढले, कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी मशीनपुढे उभी राहून मनात म्हणत होते, अरे देवा, हे काय बघायला मिळतंय मला.

आणि मग मला एका गोष्टीची लाज वाटली. ती माझा श्वास वाचत होती आणि मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तिच्या कपाळावर गोंदलेले तीन ठिपके आहेत. त्यातला मधला ती काळजीत असली की रेघेत बुडतो. नऊ वर्षं समोर उभी राहून मला हे पहिल्यांदा दिसलं.

साखरपुडा छान झाला. फोटोत मी इस्त्री केलेल्या चादरीसारखी दिसतेय. मुलाची आत्या म्हणाली, आज बाई खूश दिसता. मी खूश होतेच. पण दीक्षाच्या बोटात अंगठी गेली तेव्हा माझ्या मनात काय काय येऊन गेलं, त्यातलं फोटोत काहीच आलं नाही. गर्दीत मागे कस्तुरा उभी होती, ती माझ्या गळ्याकडे बघत होती. तिला तेवढं कळलं असणार.

तिसऱ्या महिन्यात कान तपासायची गाडी आली. मी कस्तुराच्या मागे रांगेत होते. तीच पोरगी काचेपलीकडे होती, मी मुद्दाम वाकून खात्री करून घेतली. कस्तुरा आत गेली, दार लागलं. तिला बाहेर यायला फार वेळ लागला. आली तेव्हा मधला ठिपका रेघेत बुडालेला नव्हता, म्हणून मला वाटलं, निभावलं. जीव भांड्यात पडला.

ती म्हणाली, "मी डोळे मिटून बसले गं."

का केलंस असं, असं विचारलं असेन, मला आठवत नाही. तिने मला हाताला धरून रांगेतून बाजूला नेलं. म्हणाली, "तू तीस माणसांत उभी राहून हसू करून घेतलंस माझ्यासाठी. मी किती दिवस त्या पोरीची पापणी बघत जगू?"

पुढचे आठ दिवस वाईट गेले. तिला लाइनवरून बाजूला केलं. कंपनीचे डॉक्टर झाले, मोठ्या हॉस्पिटलच्या चकरा झाल्या, ऑफिसमध्ये दोनदा बोलावलं. आवाजानेच कान गेलेत, हे कागदावर आलं. तिने खोलीतलं सामान बांधून ठेवलं होतं, मी जाऊन बघितलं. एक पेटी आणि दोन पिशव्या. नवव्या दिवशी सुजित सर स्वतः येऊन सांगून गेले की कस्तुराताईंना तपासणीच्या खोलीत घेतलंय. तिथे मशीन नसतं, नुसते मोठे दिवे आणि टेबलं, हात फिरवून पत्रा बघायचा. तिच्याइतका हात कुणाचा नाही, हे सर म्हणाले. कानाला यंत्रही कंपनी देणार होती. ती पेटी सोडायला मी मदत केली. आनंद झाला, खूप झाला. पण माझ्यासमोर आता स्वप्नाली उभी राहणार होती.

टोचल्याला शंभरावर दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळची पाळी, दुसरा तास. बॉनेटच्या कोपऱ्यात एक बारीक खड्डा दिसला आणि भुवयांच्या मध्ये काहीतरी ओढलं गेलं. मी जागीच थबकले. पुन्हा आवळून बघितलं. बारीकशी गाठ, पण गाठच. कुणीतरी आतून दार वाजवल्यासारखं वाटलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मान वर करून समोर बघितलं, कपाळ आवळून, जमेल तेवढं.

स्वप्नालीने बोळा काढला, मास्क खाली केला आणि ओरडून विचारलं, "ताई, माझ्यावर चिडलात का?"

चहाची घंटा होईपर्यंत मी कशी थांबले, माझं मला माहीत. झाली तशी तपासणीच्या खोलीकडे पळत सुटले. तिथे इतकं शांत असतं की आपल्या बुटांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. कस्तुरा टेबलापाशी बसली होती. दोन्ही कानांमागे ते यंत्र, आदल्या दिवशीच बसवलेलं. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, आलं बघ, परत आलं.

ती माझ्या कपाळाकडे बघेचना. डोळे मिटून तिने हात वर केला. म्हणाली, थांब, बोलत राहा. मग मी बोलत राहिले. स्वप्नालीने काय विचारलं ते, त्या पोरीला काडीची अक्कल नाही ते, आज पुन्हा दोन पत्रे भंगारात गेले ते, कालपासून यंत्र बसवलंय तर मला निरोप का धाडला नाहीस ते. ती मान कलती करून ऐकत होती, लहान मूल पहिल्यांदा रेडिओ ऐकतं तशी. सहा वर्षांनी ती माझा आवाज ऐकत होती.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिने डोळे उघडले.

"असा हाय होय तुझा आवाज," ती म्हणाली. "लई राग हाय गं आवाजात. कपाळात कधीच नव्हता."

तिने एका कानामागचं यंत्र काढलं, मग दुसऱ्या कानामागचं, दोन्ही डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"हां," म्हणाली. "आता बोल."

मी मास्क नाकापर्यंत वर ओढला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.